अ‍ॅपेला टक्कर कोण देणार?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री, म्हणजे ज्या रात्री शहाण्या मुलांनी जर्नल पूर्ण करायचे असते त्या रात्री, आमच्या विंगमध्ये एका व्हिडिओवरून जोरदार वाद पेटला. व्हिडिओ होता 'सर्ज एस ३२' या गाडीचा. हिरो मोटोकॉर्पने ती जानेवारी २०२४ मध्ये जयपूरला दाखवली होती. दिसायला मालवाहू तीनचाकी. पण पुढचा भाग उचलला की आतून चक्क एक विजेची स्कूटर बाहेर येते! दिवसभर माल वाहा, संध्याकाळी मागचा डबा दारात ठेवा आणि स्कूटरवर घरच्यांना घेऊन यात्रेला जा. तीन मिनिटांत तीनचाकीची दुचाकी होते, असे कंपनीचे म्हणणे.

झाले! जर्नल राहिले बाजूला. एक म्हणाला, "अ‍ॅपेचा खेळ खल्लास." दुसरा म्हणाला, "बजाज कुणाला उभे राहू देणार नाही." तिसऱ्याने परदेशातल्या पुढे दोन चाके असलेल्या मोटारसायकली काढून दाखवल्या. वळणावर त्या दुचाकीसारख्या झुकतात. पियाजिओची एमपी३ २००६ पासून आहे, यामाहाची ट्रायसिटी २०१४ पासून. त्याच्या मते उद्याचा राहाता-शिर्डी रोड असल्याच गाड्यांचा असणार. रात्री दीडला रेक्टर सर आले म्हणून वाद थांबला, नाहीतर त्या रात्रीच बाजारपेठेचा निकाल लागला असता.

माझे मत त्या रात्री कुणी ऐकून घेतले नाही, म्हणून इथे लिहितो. तीनचाकीच्या बाजारात कोण टिकणार हे शोरूममध्ये ठरत नाही आणि हॉस्टेलच्या विंगमध्ये तर मुळीच ठरत नाही. ते रस्त्याकडेच्या गॅरेजात ठरते. आज नव्या गाड्या ज्या पद्धतीने येत आहेत, त्या पद्धतीत गॅरेजच गायब होणार असेल, तर कंपन्या दहा आल्या तरी रिक्षावाल्याच्या दृष्टीने स्पर्धा आलेलीच नाही.

आता कुणी म्हणेल, रिक्षा ही मोटारसायकल आहे का? अ‍ॅपेत पुढच्या सीटवर कडेला अर्धे लटकत शिर्डीला गेला असाल (आपण सगळेच गेलो आहोत), तर हँडलकडे नीट बघा. स्टिअरिंगचे चाक नाही, स्कूटरचे हँडल आहे. डाव्या मुठीत क्लच, मूठ फिरवून गिअर. मूळ घराणे स्कूटरचेच. सौराष्ट्रातला छकडा तर याहून सरळ, पुढून उघडउघड बुलेट आणि मागे दोन चाकांचा डबा. आपण रोज तीनचाकी मोटारसायकलवरच फिरतो, फक्त तिला टप आहे एवढेच.

आणि या गाडीचे आपल्या नगर जिल्ह्याशी नाते आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. नगरचे कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांना आपल्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा आणण्याचे श्रेय दिले जाते. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा जावी, ही त्यामागची एक प्रेरणा. पुढे १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि जर्मनीच्या परवान्यावर 'हॅन्सिएट' ही मालवाहू तीनचाकी आपल्याकडे बनू लागली. 'टेम्पो' हे त्या जर्मन कंपनीच्या गाड्यांचे नाव. आज आपण कुठल्याही मालगाडीला टेम्पो म्हणतो, ती कुणी का बनवलेली असेना! कंपनीने स्वतः २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण शब्द बाजारातच राहिला. त्याच घराण्यातल्या हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लुना आणली. आता कायनेटिक ग्रीन ही त्यांच्या पुढच्या पिढीची कंपनी विजेच्या तीनचाकी गाड्या बनवते आणि तिचा कारखाना नगरलाच आहे. म्हणजे या स्पर्धेतला एक गडी आपल्या जिल्ह्यातलाच आहे.

पण आपल्या स्टँडवर राज्य आहे ते अ‍ॅपेचे. पियाजिओने बारामतीला कारखाना घालून १९९९ मध्ये अ‍ॅपे आणली, तेव्हा त्यांची भागीदारी होती ग्रीव्हज कंपनीशी. तीनचाकीत तोवर बजाजचे नाव एवढे मोठे होते की दुसरे कुणी टिकेल असे वाटत नव्हते. गंमत म्हणजे त्याआधी, १९६० च्या दशकात, पियाजिओच्याच परवान्यावर बजाजने आपला व्यवसाय उभा केला होता. जुन्या गुरूने येऊन चेल्याच्या दारात दुकान थाटले, असा तो प्रकार.

अ‍ॅपे का चालली? पुस्तकी उत्तर असे की ती डिझेलवर होती, डिझेल स्वस्त होते आणि गाडी ओझ्याला दणकट होती. ते खरेच आहे. पण माझे मामा राहात्याला तेव्हापासून या धंद्यात आहेत, त्यांचे उत्तर वेगळे. ते म्हणतात, "आरे, ती गाडी पहिल्या दिवशी आली अन् दुसऱ्या दिवशी आपल्या मिस्त्रीनं खोलली." चितळी रोडच्या बाजूला त्या मिस्त्रींचे गॅरेज आहे. त्यांचे आयुष्य विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करण्यात गेले. एक सिलिंडर, एक पिस्टन, नोझल, पंप. अ‍ॅपेच्या पोटातही एकच सिलिंडर. थोडे लहान, थोडे जलद फिरणारे, पण जात तीच. शेतातल्या इंजिनाची विद्या रस्त्यावर जशीच्या तशी कामाला आली. आपल्या पट्ट्यात पाण्याच्या इंजिनावर शिकलेले मिस्त्री गावोगाव होते. कंपनीने सर्व्हिस सेंटर काढायच्या आधीच तिला सर्व्हिस सेंटर तयार मिळाले, तेही फुकट!

टाटांनी मे २००५ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास 'एस' म्हणजे आपला छोटा हत्ती आणला, तेव्हा मालवाहू तीनचाकीला खरा फटका बसला. त्या वेळीही हेच घडले. मिस्त्रींनी तोही आठ दिवसांत आपलासा केला.

आता आजची परिस्थिती पाहा. महिंद्राची ट्रिओ २०१८ मध्ये आली. पियाजिओने स्वतः २०१९ च्या अखेरीस विजेची अ‍ॅपे आणली. बजाज २०२३ मध्ये उतरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने 'गोगो' या नावाने नवी मालिका काढली. त्याच्या महिनाभर आधी टीव्हीएसने 'किंग ईव्ही मॅक्स' आणली आणि त्याच सुमारास दिल्लीच्या प्रदर्शनात ह्युंदाईने टीव्हीएसच्या सोबतीने एक तीनचाकी नमुना ठेवला. म्हणजे मोटारी बनवणारी कोरियन कंपनीसुद्धा रिक्षाकडे बघू लागली! ज्या ग्रीव्हजचे औरंगाबादला (म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरला) बनणारे डिझेल इंजिन कितीतरी तीनचाकींच्या पोटात होते, ती ग्रीव्हजही आता विजेच्या तीनचाकी विकते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये भारताने विजेच्या तीनचाकींच्या विक्रीत चीनला मागे टाकले, आकडा ५ लाख ८० हजारांच्या आसपास. यात शहरातल्या साध्या ई-रिक्षाही धरलेल्या आहेत, हे खरे. तरी आकडा लहान नाही.

याला सरकारी धोरणाचा हातभार लागला. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने विजेच्या प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना परमिटमधून सूट दिली. ज्याच्या घरी कधी रिक्षा होती त्यालाच कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे. परमिटच्या पायी आमच्या मामांनी चपला किती झिजवल्या ते मी लहानपणी पाहिले आहे. शिवाय अनुदान. शिवाय एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ आल्यावर डिझेलची तीनचाकी महाग झाली आणि पूर्वीइतकी साधीही राहिली नाही. तेव्हा वारे विजेच्या बाजूने आहे, यात वादच नाही. माझा विजेच्या गाडीला विरोध आहे असे कुणी समजू नये.

उलट एका बाबतीत तर ती आपल्या रस्त्यासाठी अधिक चांगली आहे. पुढे एक चाक आणि मागे दोन अशी गाडी वळणावर उलटते ती पुढचे चाक आणि बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर. थिअरी ऑफ मशीन्समध्ये आपण हे कधी करत नाही, पण हिशोब सोपा आहे. समजा मागच्या दोन चाकांतले अंतर १.१५ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य ०.६ मीटर उंचीवर आहे. चारचाकी असती तर ती अर्ध्या रुंदीच्या बळावर उभी राहिली असती, म्हणजे ०.५७५ भागिले ०.६, जवळजवळ ०.९६ 'जी'. तीनचाकीत याला गुणायचे ते गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून किती मागे आहे त्या प्रमाणाने. तो ६५ टक्के मागे असेल तर उरतात ०.६२ 'जी'. आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रवासी बसवला, गुरुत्वमध्य सरकून ५५ टक्क्यांवर आला, की उरतात ०.५३. म्हणजे आपण पुढच्या सीटवर लटकतो तेव्हा फक्त आपला जीव धोक्यात घालत नाही, मागे बसलेल्या आजीबाईंचाही घालतो! नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांमध्ये हा हिशोब आणखी बिघडतो. विजेच्या गाडीत जड बॅटरी खाली आणि मागच्या बाजूला बसवता येते. म्हणजे गुरुत्वमध्य खालीही जातो आणि मागेही. ही खरी सुधारणा आहे. आणि वळणावर झुकणाऱ्या त्या परदेशी गाड्यांपेक्षा फारच स्वस्तातली!

मग माझे दुखणे काय आहे?

मामांची अ‍ॅपे आता थकली आहे. नवी घ्यायची म्हणून त्यांनी वहीत हिशोब मांडला. रोज ८० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २००० किलोमीटर. लिटरला ३० चे अ‍ॅव्हरेज धरले आणि डिझेल नव्वदच्या आसपास, तर महिना ६००० रुपये. विजेवर गळती धरून दोनशे युनिटच्या आत काम होते, म्हणजे दोन हजारांच्या आत. महिन्याला चार हजार वाचले. ऑइल, फिल्टर, नोझलचा खर्च वाचला तो वेगळा. तीन वर्षांत १ लाख ४४ हजार! मामींनी तर त्यातून न्हाणीघराची फरशीही बसवून टाकली, मनातल्या मनात.

मग मामांनी शोरूममध्ये एकच प्रश्न विचारला. वॉरंटी संपल्यावर बॅटरी गेली तर? उत्तर आले, नवी टाकायची, १ लाख ३० हजार. थोडीशी बिघडली तर? तरीही नवीच. म्हणजे वॉरंटी संपताच बॅटरीने मान टाकली, तर तीन वर्षांची जवळजवळ सगळी बचत एका झटक्यात परत कंपनीकडे. सहा-सात वर्षे टिकली तर मात्र मामांचा खराच फायदा. सगळा धंदा त्या एका पेटीवर लटकलेला आणि त्या पेटीत काय चालले आहे हे सांगणारा माणूस राहात्यात कुणी नाही.

मी स्वतः एक प्रसंग पाहिला. आमच्या गावाकडच्या एकाची विजेची मालवाहू तीनचाकी, दुधाचे कॅन वाहणारी. कंपनीचे नाव लिहीत नाही. एके सकाळी मीटरवर एक लाल खूण आली आणि गाडी जागेवर थांबली. डिलरला फोन केला. तो म्हणाला, लॅपटॉप घेऊन माणूस नाशिकहून येईल. तो आला नवव्या दिवशी! आठ दिवस दूध दुसऱ्याच्या भाड्याच्या गाडीतून गेले आणि हप्ता मात्र पाच तारखेला ठरल्याप्रमाणे कापला गेला. लॅपटॉपवाल्याने केबल लावली, पंधरा मिनिटे काहीतरी केले, एक कनेक्टर काढून परत बसवला आणि गाडी चालू झाली. नक्की काय झाले होते, ते त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. बहुधा त्यालाही कळले नसावे.

आमच्या मिस्त्रींना मध्ये एका दिवशी बोलावले होते. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून पाहिले आणि विचारले, "हिला उघडायची कुठून?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इंजिन आजारी पडलं का आवाज करतं. कान लावला का कळतं. ही तर बोलतच नाही. तुम्ही इंजिनिअर होऊन राहिलात ना, तुम्हाला बोलती का?"

मला उत्तर देता आले नाही. थर्ड इयर मेकॅनिकल, आजवर एकही बॅकलॉग नाही, तरी उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी इलेक्ट्रिकलच्या मित्रांकडून जे समजून घेतले ते इथे थोडक्यात सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे.

रिक्षाची बॅटरी म्हणजे एक मोठा सेल नव्हे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा. असे १६ गट एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट होतात. साखळीच म्हणा ना. प्रत्येक गटाच्या व्होल्टेजवर एक सर्किट नजर ठेवते, बी.एम.एस. म्हणतात ते. सोळांपैकी एक गट अशक्त झाला की चढावर त्याचे व्होल्टेज आधी कोसळते. ते मर्यादेखाली गेले की सर्किट सगळी बॅटरी तोडते. उरलेले पंधरा गट ठणठणीत असतात! गाडी मात्र बंद. शोरूमचा माणूस म्हणतो, बॅटरी गेली. खरे तर गेलेला असतो एक सोळांश भाग. तो बदलून, बाकीच्यांशी जुळवून घेतला, तर त्या बॅटरीतून आणखी काही वर्षे निघू शकतात. पण पेटी चिकटवून बंद, सेलचे जोड वेल्डिंगचे आणि सर्किटला कंपनीचे कुलूप. त्यामुळे १ लाख ३० हजार.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पेटी बंद ठेवतात ती निव्वळ आपमतलबासाठी नाही. २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्यानंतर केंद्राने ए.आय.एस. १५६ हे बॅटरीचे निकष कडक केले. पाणी, धूळ, धक्का, एका सेलची आग दुसऱ्याला न लागणे, हे सगळे त्यात येते. कुणीही उठून पाना घेऊन बॅटरी खोलावी असे मी म्हणणार नाही. ५१ व्होल्टचा झटका बसून माणूस सहसा मरत नाही, पण चुकून पाना दोन टोकांवर पडला तर तो पाना वितळतो आणि धरणाऱ्याचा हात भाजून निघतो.

पण सुरक्षितता हे कारण आणि कुलूप हा धंदा, यांत फरक करायला हवा. गाडी कुठल्या कारणाने थांबली त्याचा कोड मालकाला वाचता यावा, यात कसला आला धोका? वायरिंगचा नकाशा गॅरेजवाल्याला विकत तरी मिळावा, यात कोणती आग लागणार आहे? मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या देशात आधीच येऊन गेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय, तर त्या सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नव्हत्या. पुढे अपिले झाली, ती वेगळी कथा. पण आयोगाचे म्हणणे मला पटते. गाडी विकत घेईपर्यंत चौदा कंपन्या तुमच्यापुढे हात जोडून उभ्या असतात. घेतल्यावर तुमच्यासाठी एकच दुकान उरते. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांमध्ये वाहनेही आहेत आणि शेतीची अवजारेही. राहात्यातल्या माणसाला याहून जवळचा विषय कुठला असेल?

म्हणून माझे म्हणणे असे की सर्ज येवो, ह्युंदाई येवो, आणखी कुणी येवो, अ‍ॅपेला खरी टक्कर तोच देईल जो आमच्या मिस्त्रींच्या "उघडायची कुठून?" या प्रश्नाला उत्तर देईल. रेंज दहा किलोमीटर कमी असली तरी चालेल. मोबाइलवर गाडीचे नकाशे दिसले नाहीत तरी चालेल. मामा मोबाइल बघून शिर्डीला जात नाहीत, त्यांना रस्ता पाठ आहे.

आता हे झाले कंपन्यांना सांगणे, आणि ते कंपन्या वाचणार नाहीत. जे वाचणार आहेत, म्हणजे आपण आणि आपले सर, त्यांच्यासाठीही थोडे लिहितो.

आपल्याकडे दर वर्षी फायनल इयरचा किमान एक ग्रुप 'ई-ट्राइक' बनवतो. चेसिस फॅब्रिकेशनवाल्याकडून, मोटर आणि कंट्रोलर पुण्याहून तयार किट, बॅटरी भाड्याने. प्रदर्शनाच्या दिवशी प्राचार्य सर त्यावर बसतात, फोटो निघतो, टाळ्या पडतात. मग ती गाडी वर्कशॉपच्या मागे आधीच्या वर्षांच्या गाड्यांशेजारी जाऊन उभी राहते. मागच्या आठवड्यात मोजल्या, चार आहेत. एकीवर कुत्रीने पिल्ले घातली आहेत. यात त्या मुलांना हिणवण्याचा हेतू नाही, उद्या मीही तेच करेन, कारण मार्क त्यालाच आहेत. तयार भाग जोडून केलेली नवी गाडी म्हणजे प्रोजेक्ट आणि बंद पडलेली जुनी गाडी दुरुस्त करणे म्हणजे मिस्त्रीकाम, असे आपल्या मूल्यमापनातच बसले आहे. फर्स्ट इयरला आपण पूर्ण सेमिस्टर कानस घासून लोखंडाच्या एका तुकड्यात दुसरा बसवायचा जॉब करतो. त्यात मिस्त्रीकामाची लाज वाटत नाही, मग इथेच का वाटते?

माझी सूचना साधी आहे. बॅटरी तपासायचे एक टेबल वर्कशॉपमध्ये लावावे. ५१ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-तासाची बॅटरी पूर्ण चार्ज करायची आणि ३० अ‍ॅम्पिअरने रिकामी करायची. चांगली असेल तर पाच तास चालेल. साडेतीन तासांत बंद पडली तर ७० टक्के उरली आहे. आणि त्या वेळी सोळांपैकी कुठला गट आधी खाली गेला ते लिहून ठेवायचे. एवढेच. यासाठी लागणारा भार दीड किलोवॅटचा, म्हणजे रेक्टर सरांनी मुलांकडून जप्त केलेल्या पाणी तापवायच्या एका रॉडएवढा! (कपाटात किमान सहा असावेत, त्यातला एक माझा आहे.) या तपासणीत वेल्डिंग तोडायची गरज नाही. गॉगल, हातमोजे, आवरण असलेली हत्यारे आणि शेजारी एक सर, एवढी काळजी पुरे.

एका कागदावर लिहिलेला हा '७० टक्के' आकडा आज स्टँडवर कुणाकडे नाही. जुनी अ‍ॅपे विकताना गिऱ्हाईक किक मारून, धूर बघून, कान लावून भाव ठरवते. जुनी विजेची रिक्षा विकताना काय बघायचे हे कुणालाच कळत नाही, म्हणून ती मातीमोल जाते. कर्ज देणाऱ्यालाही हीच भीती असते आणि ती भीती तो व्याजात वसूल करतो. म्हणजे आपल्या टेबलावरच्या त्या एका आकड्याची किंमत रिक्षावाल्याच्या हप्त्यात मोजता येईल.

मी हे आमच्या सरांना सांगितले. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण यात 'नावीन्य' काय ते सिनॉप्सिसमध्ये लिहावे लागेल. मी अजून लिहितो आहे.

मामांनी बुकिंगचे पैसे अजून भरलेले नाहीत. शोरूमवाला रोज फोन करतो, अनुदान संपेल म्हणून घाई करतो. दिवाळीच्या सुट्टीत मी मिस्त्रींना टेबलाची कल्पना सांगितली, वहीत आकृती काढून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट बघितली, हात पुसले, बिडी विझवली आणि विचारले, "तुमच्या कॉलेजाचं गेट रविवारी उघडं असतं का?"